कोकिळाबाईंच्या नावावरची चूक

मेहकरला बसस्टँडमागच्या गल्लीत प्रेमानंद अंभोरेचं संगणकाचं दुकान आहे. वडील शेतमजूर होते. घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिला तोच. प्रोग्रॅमिंग तो पुस्तकं वाचून शिकला, आणि २००४ साली एका शिक्षण संस्थेसाठी त्याने सॉफ्टवेअर लिहून दिलं. विद्यार्थ्यांची नोंद ठेवायची आणि शाळा सोडताना टीसी छापायची, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम. ते वीस वर्षं चाललं. रस्त्यात कुणी ‘टीसीवाले सर’ म्हणून हाक मारली की त्याला बरं वाटे.

मागच्या वर्षी शाळांत नवे संगणक आले आणि जुनं सॉफ्टवेअर त्यांच्यावर धड चालेना. संस्थेचे सचिव वामनराव यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, “नव्या पद्धतीनं बनव आता. मोबाईलवरही उघडलं पायजे.”

प्रेमानंद तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा. व्हिडिओ बघून बघून तो नवं फ्रेमवर्क शिकला. बायकोनं, मंजुश्रीनं, ते काय असतं म्हणून विचारलं तेव्हा तो म्हणाला, “भिंती अन् छप्पर तयार भेटते. आपुन फक्त खोल्या पाडायच्या.”

पण नवं लिहायचं तर जुनं ओळ न् ओळ वाचावं लागतं. आपणच तरुणपणी लिहिलेलं वाचताना त्याला कधी हसू येई, कधी कौतुक वाटे. एके दिवशी सकाळी तो ‘दुरुस्ती’च्या स्क्रीनपाशी आला. विद्यार्थ्याच्या नावातली चूक सुधारता यावी म्हणून ही स्क्रीन त्याने २००९ साली वाढवून दिली होती. जन्मतारीख साठवणारी ओळ वाचली आणि तो थांबला. तिथे तारीख जशी टाइप केली तशीच पुढे पाठवलेली होती, आणि आतला डेटाबेस तर आधी महिना, मग दिवस असं वाचतो.

त्याने जुना संगणक चालू करून एक खोटं नाव भरलं. जन्मतारीख पाच नोव्हेंबर. मग दुरुस्तीत जाऊन फक्त नावातली वेलांटी बदलली. तारीख झाली अकरा मे. वीस नोव्हेंबर टाकून पाहिलं तर काहीच बदललं नाही, कारण विसावा महिना नसतो. दिवस बाराच्या आतला असेल तरच उलटापालट होत होती.

त्याला कोकिळाबाई आठवल्या.

कोकिळाबाई मेहकरच्या शाळेत लिपिक होत्या; संगणकावरच्या नोंदी आणि दुरुस्त्या त्याच करत. २०१० मध्ये त्या शाळेतून निघालेला हरिओम नावाचा मुलगा सैन्यभरतीला गेला. धावण्यात पहिला आला आणि कागदपत्रांत अडला. टीसीवर अकरा मे, बाकी सगळीकडे पाच नोव्हेंबर. तेव्हा आणखी काही टीसी तशाच चुकलेल्या निघाल्या. चौकशी बसली. वामनरावांनी प्रेमानंदला सर्वांसमोर विचारलं होतं, “तुझ्या सॉफ्टवेअरची गलती असू शकते काय?”

“साहेब, मशीन जे भरलं तेच छापते,” तो म्हणाला होता. “भरणारा चुकतो.”

कोकिळाबाईंच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला. त्यांना संगणकावरून काढून संस्थेच्याच सोनाळ्याच्या शाळेत ग्रंथालयात बसवलं.

जुन्या ओळीतली चूक सापडली त्या दिवशी प्रेमानंद जेवला नाही. पण खरं सांगायचं तर त्याने कुणाला काही सांगितलंही नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती ओळ नीट लिहिली आणि गप्प बसला. महिनाभरानं संस्थेच्या सभागृहात नवं सॉफ्टवेअर सुरू झालं, वामनरावांनी त्याला शाल-श्रीफळ दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल खांद्यावर असताना त्याला कुणाच्याही तोंडाकडे बघवेना. घरी येऊन त्याने मंजुश्रीला सगळं सांगितलं.

तिने शालीची घडी घातली. मग म्हणाली, “त्या बाईले सांगतलं का?”

“नाही.”

“मंग मले सांगून काय फायदा?”

दुसऱ्या दिवशी तो बसने सोनाळ्याला गेला. कोकिळाबाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांनी ओळखलं, बसायला खुर्ची दिली. त्याने अडखळत, खाली बघत सगळं सांगितलं.

“मले मालूम होतं,” त्या म्हणाल्या.

त्याने वर पाहिलं.

“बारा तारखेच्या आतल्याच पोरायच्या तारखा चुकून राह्यल्या, हे मी तवाच ताडलं होतं. वहीत नावं लिहून तुमच्या दुकानात आलती मी. तुमाले याद नाही?”

त्याला आठवेना. आणि मग आठवलं. दुकानात गर्दी होती. बाई वही घेऊन काउंटरपाशी उभ्या होत्या. वही न उघडताच तो म्हणाला होता, “ताई, तुम्ही चष्म्याचा नंबर तपासून घ्या.” दुकानातले चार-पाच जण हसले होते. तोही हसला होता.

“मी तपासलाही नंबर,” कोकिळाबाई म्हणाल्या. “तुमी बोलल्यावर मले वाटलं, शिकेल-सवरेल माणूस हाये, खरंच मायीच चूक असन.”

प्रेमानंदला रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, पण समजूत काढली नाही.

“मी काय करू, ताई?”

“मले कागद पायजे. पुढच्या वर्षी रिटायर होतो मी. तो शेरा घेऊन नाही जायचं मले.”

त्याने कागद लिहिला. चूक माझी, सॉफ्टवेअरची, आणि २०१० साली मी तपासल्याशिवाय उत्तर दिलं, असं सहीनिशी. वामनरावांनी वाचून तो परत सरकवला. “पंधरा वर्षं झाली बे. काऊन मुर्दे उकरून राह्यला? संस्थेचं नाव जाते.”

“मायं जाऊ द्या ना, साहेब.”

तीन चकरा झाल्या. शेवटी त्याने सांगितलं की हे मी शिक्षण खात्याला पाठवतो, तेव्हा वामनरावांनी बैठक घेतली. प्रेमानंदने उभं राहून कागद वाचला. शेरा रद्द झाला. त्याच बैठकीत एका शिक्षकाने विचारलं, “मंग नव्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवायचा कसा?” प्रेमानंद म्हणाला, “जुन्या सगळ्या तारखा रजिस्टरशी ताडून देतो.”

कोकिळाबाई रजा टाकून चार दिवस मेहकरला आल्या. शाळेत आल्या-गेल्या मुलांच्या नोंदीचं दाखल-खारीज रजिस्टर समोर घेऊन त्या एकेक तारीख वाचत गेल्या, तो स्क्रीनवर पडताळत गेला. दोनशे सोळा नावं निघाली. एक सोडून सगळ्यांना दुरुस्त टीसी पाठवल्या. कामाव्यतिरिक्त त्या चार दिवसांत दोघं एक शब्द बोलले नाहीत.

भरती हुकल्यावर दुरुस्त टीसी न्यायलाही न आलेला हरिओम आता नांदुऱ्याला स्टेशनजवळ टायरचं दुकान चालवतो. त्याची टीसी प्रेमानंदने पोस्टानं पाठवली नाही, हातात द्यायचं ठरवलं. दोनदा तो नांदुऱ्याला गेला. दोन्ही वेळा समोरच्या हॉटेलात चहा घेतला आणि त्या रुंद खांद्याच्या माणसाला चाक उचलताना बघत बसला. भरतीचं वय तर कधीच निघून गेलं. आता हा कागद देऊन काय म्हणायचं, हे त्याला सुचत नाही. टीसी अजून त्याच्याच पिशवीत आहे. येत्या सोमवारी जातो, असं तो मंजुश्रीला म्हणाला आहे.