अरविंदरावांचा थॉमस

अरविंदराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलोच होतो. आदल्याच संध्याकाळी त्यांनी माझं जेवण थंड होईपर्यंत मला फोनवर धरून ठेवलं होतं. आणि विषय काय, तर इंग्लंडमधल्या कुठल्याशा खेड्यात दीडदोनशे वर्षांपूर्वी वारलेलं एक तान्हं बाळ. "सुटत नाहीये हो हे," म्हणत होते. मी म्हटलं, "उद्या येतोच आहे ना तुमच्याकडे अल कुसैसला, तेव्हा बोलू." सकाळी वैशालीवहिनींचा फोन सुनीतानं घेतला आणि ती तशीच खाली बसली. झोपेतच गेले होते. दुबईच्या दुसऱ्या टोकाच्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्सहून निघालो तेव्हा सुनीता शेजारी रडत होती आणि मी, खरं सांगतो, मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. ही काय रीत झाली, विषय अर्धा टाकून जायची? त्याला आता दीड महिना होत आला, पण माझं भांडण काही मिटलेलं नाही.

अरविंदराव म्हणजे माझ्या बायकोचे, सुनीताचे, थोरले भाऊ. अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. प्रत्येक ड्रॉइंगला नंबर द्यायचा, बदल झाला की नवी आवृत्ती चढवायची, रद्द झालेल्यावर शिक्का मारून ते बाजूला काढायचं, असं ते काम. आठवडाभर तिकडेच कंपनीच्या खोलीवर राहायचे, शुक्रवारी संध्याकाळी घरी. त्यांचे मॅनेजर मिस्टर ब्रायन निवृत्त होऊन इंग्लंडला परत निघाले, तेव्हा निरोपाच्या जेवणात सहज बोलून गेले, आमचे लोक मूळचे कुठल्या खेड्यातले हे घरात कुणालाच ठाऊक नाही, कळलं तर एकदा तिथे जाऊन उभं राहीन म्हणतो. पोटभर जेवल्यावर माणूस असं काहीबाही बोलतो. दुसऱ्या कुणीही मान डोलावून सोडून दिलं असतं. आमच्या मेव्हण्यांनी ते काम म्हणून अंगावर घेतलं.

मग त्यांचा शनिवार त्यात गेला. वर्षानुवर्षे गेला. आम्ही जेवायला जायचो तर हे लॅपटॉपसमोर. चर्चच्या जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं, बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळं किरट्या अक्षरात, शाई उतरलेली. एकाच आडनावाची चार स्पेलिंगं. वहिनी हाका मारून दमायच्या, सुरमई ताटात निवायची. मी चेष्टा करायचो, "अहो अरविंदराव, स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगा बघू आधी!" तर ते चष्मा वर करून शांतपणे म्हणायचे, "ते कुणी विचारलेलं नाही मला." त्यांची मुलगी मीरा सोफ्यावरून म्हणायची, "बाबा, दे आर नॉट इव्हन अवर पीपल!" तिचा जन्म दुबईचा, मराठी कळतं सगळं, उत्तर मात्र इंग्रजीत. "कुणाचे तरी आहेत ना," एवढंच बोलून हे पुन्हा पानं उलटायला लागायचे.

मिस्टर ब्रायनच्या खापरपणजोबांपर्यंत ते धडाधड गेले. हा थॉमस शहरात येऊन सुतारकाम करत होता आणि जनगणनेत त्यानं आपलं जन्मगाव सांगून ठेवलं होतं. त्या गावच्या वहीत थॉमसचा बाप्तिस्माही सापडला, आईबापांच्या नावांसकट. त्या दिवशी वहिनींना गोड करायला लावलं होतं. पण आठवडाभरातच त्याच वहीत दफनाची नोंद मिळाली. तेच आईबाप, तोच थॉमस, काही महिन्यांचा. झालं! "हा आपला नव्हे," म्हणाले. मी म्हटलं, "नीट बघा, काही घोळ असेल." तर माझ्यावरच उसळले, "घोळ कसला? आमच्याकडे एकदा नंबर व्हॉइड केला की खलास. तो परत कुणाला देतात का?" त्यांनी ते गावच बाद केलं आणि आजूबाजूच्या पंचक्रोशीत दुसरा थॉमस शोधत बसले. तो कुठे असणार होता?

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. मिस्टर ब्रायनची मुलगी हेलन हिनं कळवलं होतं की वडिलांना विस्मरण होऊ लागलंय, आता वृद्धाश्रमात आहेत. तेव्हापासून अरविंदराव चिडचिडे झाले. "त्यांना अजून समजतंय तोवर सांगायला हवं हो," हे पालुपद. बाकी जगात त्यांना कसली घाई नव्हती.

दिवसवार झाल्यावर हेलनला कळवायचं काम माझ्याकडे आलं. ती बिचारी खूप हळहळली. मग विचारलं, काम कुठवर आलं होतं? मी वैतागून सगळी बाळाची कथा सांगितली. ती म्हणाली, "पण त्यांनी पुढचा थॉमस पाहिला नाही का? त्या काळी एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. सर्रास."

मीरानं लॅपटॉप उघडला. तेच गाव, तीच वही. थोडी पानं पुढे गेलो आणि समोर आला... थॉमस. तेच आईबाप. मी टेबलावर हात आपटला. इतकी वर्षं! त्याच वहीत, अगदी हाताशी! वहिनी पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. "असं कोण ठेवतं हो?" त्या म्हणाल्या. "ज्याला मातीत ठेवलं, त्याचंच नाव?"

सुनीतानं लॅपटॉप आपल्याकडे वळवून ते नाव पाहिलं. मग म्हणाली, "दादाच्या आधी आईला एक मुलगा झाला होता. वर्षाचा होऊन गेला. त्याचं नाव आमच्या घरात कुणी घ्यायचं नाही. शेजारच्या मुलाचं तेच नाव होतं, तर आई त्याला नुसतं बाळ म्हणायची, तो कॉलेजात जाईपर्यंत. दादाला हे सुचणार कुठून?"

ते ऐकून माझा राग उतरायला हवा होता. उतरला नाही, उलट वाढला. नोंदवह्यांवर, आपल्या लोकांच्या गप्प बसण्यावर, आणि सर्वांत जास्त त्या माणसावर, ज्यानं ही साधी गोष्ट हेलनला एकदा विचारली नाही, कारण काम पुरं झाल्याशिवाय साहेबाला दाखवायचं नाही ही त्याची शिस्त.

निदान मिस्टर ब्रायनना तरी कळू दे, म्हणून हेलननं व्हिडिओ कॉल लावून दिला. "आज बरे आहेत," असं म्हणाली. खिडकीजवळ बसलेला पांढरा, वाळलेला माणूस. मी आधी अरविंदराव गेल्याचं सांगितलं. त्यांचे डोळे भरले, बराच वेळ मान हलवत राहिले. मग मी गावाचं नाव सांगितलं, सुतार थॉमसचं सांगितलं, त्याच्याआधीच्या थॉमसचंही सांगितलं. ते कानामागे हात धरून ऐकत होते. गावाचं नाव त्यांनी दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. चेहरा असा उजळला की मला वाटलं, पोचलं बुवा एकदाचं.

मग हसून म्हणाले, "वंडरफुल. अरविंदला सांग, मला स्वतः फोन कर म्हणावं. त्याच्याच तोंडून ऐकायचंय मला."

हेलननं मान फिरवली. शेजारी बसलेली मीरा माझ्याकडे बघत होती.

"येस सर," मी म्हटलं, "सांगतो त्यांना."