सम्राटाचं देऊळ आणि स्लाऊमधली पुढची खोली

जपानच्या एका जुन्या सम्राटाचा खाजगी कारभार माझ्या सासऱ्यांना जितका ठाऊक होता, तितका खुद्द त्या सम्राटालाही नसावा. आयुष्यभर इंग्लंडमधल्या स्लाऊ गावी कारखान्यात राबलेला हा माणूस निवृत्तीनंतर एकदाच क्योटोला गेला आणि तिथलं एक बौद्ध मंदिर डोक्यात घेऊन परतला. बापाने बांधायला घेतलेलं ते मंदिर मुलाने, म्हणजे त्या सम्राटाने, पुरं केलं, मग गादी सोडली आणि भिक्षू होऊन तिथेच राहायला गेला. पुढे शतकानुशतकं राजपुत्रच तिथले प्रमुख भिक्षू होत गेले. हा इतिहास त्यांनी दातांच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितला. ऐकता ऐकता बसमधल्या एका बाईंचा स्टॉप हुकला, तर म्हणाले, "इंटरेस्ट आहे बाईंना." मी मुलगी बघायला गेलो तेव्हाही पहिला पाऊण तास मला सम्राटच दाखवला होता.

त्यांच्या घराची पुढची खोली म्हणजे विहार. रविवारी वंदनेला माणसं जमत, दारात बुटांचा ढीग पडे. मोबाईलला अजून बटणं होती त्या काळी एकदा कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. राहत्या घरात प्रार्थनास्थळ चालवायचं तर प्लॅनिंग परमिशन घ्या, नाहीतर बंद करा. मी पार्किंग, आवाज असे मुद्दे टाइप करून दिले. सुनावणीत बोलायला तीनच मिनिटं होती. सासरे उठले, कोटाची बटणं लावली, माझा कागद खिशात घातला आणि थेट क्योटोला पोचले. "सर, एम्परर हिमसेल्फ लिव्ह्ड इन द टेंपल. सो व्हॉट इज हाऊस, व्हॉट इज टेंपल?" मी कपाळाला हात लावला. वेळ संपली तेव्हा राजपुत्र अजून यायचे होते.

कमिटीला काय पटलं कुणास ठाऊक, पण रविवार सकाळपुरती परवानगी मिळाली. गाडीत मी जरा चिडूनच म्हणालो, "अहो बाबा, पार्किंगवर एक वाक्य तरी बोलायचं होतंत."

त्यांनी माझा कागद खिशातून काढून डॅशबोर्डवर ठेवला. मग म्हणाले, "जावईबापू, माझ्या बापाला गावच्या देवळाची पायरी कुणी चढू दिली नाही. देवळात राहायचं म्हणून सम्राटाला गादी सोडावी लागली. मला नुसता फॉर्म भरावा लागला."

ते जाऊन आता बरीच वर्षं झाली. रविवारी मेणबत्त्या मी लावतो. अशा माणसाला मी पार्किंगवर बोलायला सांगत होतो याची अजून लाज वाटते, आणि त्यांचा जावई म्हणवून घ्यायला ऊर भरून येतो.