दहावी टेस्ट

चार माणसं एका शेडमध्ये वर्षानुवर्षं बॅटऱ्या तापवत बसली की किस्से साचतातच. नव्वदच्या सुमारास जालन्यात, विमानाच्या बॅटऱ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी टेस्टिंगच्या नोंदी लिहायचो. तिथले किस्से ऐकून लोक हसतात. मला आताशा हसू येत नाही.

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "आपली शेड कंपाउंडच्या पार टोकाला का हो?"

किसनमामा आमचे मुख्य टेस्टर, अंतरवाली सराटीचे. म्हणाले, "बॅटरी फुटली तर ऑफिसच्या काचा वाचल्या पायजेत ना!"

"आणि आपण?"

"आपल्याला कुठं काचा हायेत!"

*

खंडेनवमीला मशिनची पूजा. मॅनेजर साहेबांनी मोठ्या हौसेनं आरती केली आणि पितळी ताम्हण टेकवलं ते नेमकं चार्ज झालेल्या बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर! लख्खकन जाळ झाला, ताम्हणाला भोक पडलं. साहेब घामाघूम.

मामा शांतपणे म्हणाले, "देवानं परसाद घेतला साहेब. बोटं ठिवली तुमची."

पुढच्या वर्षीपासून आरती पत्रावळीवर.

*

नव्या प्रवासी विमानासाठी आमची बॅटरी पास व्हायची होती. नियम असा, की बॅटरीतला एक सेल मुद्दाम जादा चार्ज करून तापवायचा, पण त्यानं शेजारचा पेटता कामा नये. सरकारी इन्स्पेक्टर मुंबईहून यायचे, कागद बघायचे, चहा घ्यायचे.

एकदा मी म्हणालो, "सर, टेस्ट बघायला शेडमध्ये येता?"

"कशाला? लिहिलंय ना तुम्ही!"

*

नऊ टेस्ट बिनघोर झाल्या. दहाव्या वेळी एका सेलनं शेजारचा पेटवला, त्यानं पुढचा. झाकण उडालं आणि आतलं कातडी जाळणारं कॉस्टिक पाणी विठ्ठलच्या तोंडावर आलं. विठ्ठल आमचा फिटर, शहागडचा, दोन लेकरांचा बाप. आम्ही त्याला नळाखाली धरून पाणी मारत राहिलो. डावा डोळा गेलाच.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "दहातल्या नऊ पास म्हणजे डिस्टिंक्शन!"

"मंग इमान बी दहातल्या नऊ बारीच उतरवायचं का?" मामा म्हणाले.

साहेबांनी मला रजिस्टरमधलं दहावं पान फाडायला सांगितलं. पान मी फाडलं.

*

महिन्याभरानं इन्स्पेक्टर आले. "बॅटरी पास होईपर्यंत घरी थांब, नोकरी पक्की," असं मॅनेजरनी विठ्ठलला बजावलं होतं. तरी तो आला. काळा चष्मा लावून दाराशी उभा राहिला.

इन्स्पेक्टरनं रजिस्टर चाळलं. "एकूण टेस्ट किती?"

"नऊ सर. सगळ्या पास!" मॅनेजर म्हणाले.

इन्स्पेक्टरनं सहीसाठी पेन काढलं. मामा माझ्याकडं बघत होते, मी फरशीकडं.

विठ्ठल टेबलापाशी आला. चष्मा काढून त्यानं रजिस्टरवर ठेवला.

"धा झाल्या साहेब," तो म्हणाला. "धावी हितं हाय. बगा आन् मंग करा सही."