जिभेवरचं कोकोपीट

कोकोपीटचं नवं पोतं फोडलं की अक्का आधी चिमूटभर जिभेवर ठेवायच्या. मग बाजूला थुंकून म्हणायच्या, “धुवा गं अजून. लई खारट हाय.”

तुम्ही रोपवाटिकेत कधी गेला असाल, तर ट्रेमधला तो तपकिरी भुसा पाहिला असेल. नारळाच्या सालीचा हा भुसा समुद्राकाठून येतो. त्यातलं मीठ धुऊन काढावं लागतं, नाहीतर रोपांची मुळं करपतात. त्याऐवजी चालणारं परदेशी दलदलीतलं काळं पीट आमच्या केजसारख्या गावात कोण आणणार?

मी अक्कांच्या रोपवाटिकेत ट्रे भरायला होते. चव घ्यायची सवय त्यांना ठेच लागून लागली. एका उन्हाळ्यात टँकरचंही पाणी मिळेना. पाणी वाचावं म्हणून अक्कांनी ‘धुतलेला’ असं छापलेली पोती घेतली आणि न धुताच ट्रे भरायला लावले. मिरचीच्या पानांच्या कडा जळाल्या, मग रोपांनी माना टाकल्या.

अक्का पोती विकणाऱ्या दुकानदाराकडे गेल्या, तर तो भर बाजारात म्हणाला, “पोत्यावर लिवलंय की, धुतलेला हाय. अक्का, तुमच्या हातालाच गुण न्हाई.”

रोपं वाढवणाऱ्या बाईला याहून वाईट शिवी नाही. धारूरकडचे शेतकरी दुसरीकडे वळले. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला, तो अजून गेलेला नाही.

उरलेली पोती मी फेकायला निघाले, तर अक्कांनी अडवलं. “ऱ्हाऊ दे. कामाला येतेल.”

पुढे दुकानदारानं बंगला बांधला. वास्तुशांतीला गच्चीवर गुलाब हवे होते आणि गुलाब आमच्याकडेच चांगले. तो हसत आला. अक्कांनी त्याला चहा पाजला, आणि आम्ही तीच पोती कुंड्यांत रिकामी केली. इतक्या मनापासून मी कधी काम केलं नव्हतं.

गुलाब जळाल्यावर तो गुलाबाची एक वाळकी काटकी घेऊन तावातावानं आला. “अक्का, काय घातलंत ह्यात?”

“तुमचाच माल, शेठ. पोत्यावर लिवलंय की, धुतलेला हाय. तुमच्या गच्चीलाच गुण न्हाई.”

रोपं बघायला आलेले दोन शेतकरी पोट धरून हसले. बाजारभर गोष्ट झाली. धारूरची गिऱ्हाइकं परत आली.

मागच्या वर्षी अक्का गेल्या. तेराव्याला तो तुळशीची कुंडी घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, “माफी मागायची ऱ्हाऊन गेली.”

मी कुंडीतली चिमूट उचलून जिभेवर ठेवली. अळणी होती. चांगली धुतलेली.

तरी मी त्याच्या पुढ्यातच थुंकले.