मीटर सुभद्राबाईंच्या नावावर

९ जून २०२५ रोजी सुभद्राबाई बोरसे यांच्या नावावर ७,३६० रुपयांचे वीजबिल आले. त्यांच्या खोलीत एक दिवा आणि एक पंखा. बिल वस्तीच्या पाण्याच्या मोटरीचे होते.

सुरतजवळच्या भेस्तानच्या या वस्तीत बहुतेक खानदेशी लूम कामगार. बोअरची मोटर आजवर पालिका चालवायची, दुरुस्तीही तीच करायची. मागच्या दिवाळीनंतर साहेब आले, मंडप घातला आणि म्हणाले, "आता पाणी तुमचं, व्यवस्थाही तुमची." टाळ्या पडल्या. मग प्रश्न निघाला, पाणी समितीचा प्रमुख कोण आणि मीटर कुणाच्या नावावर? पुरुषांनी एकमेकांकडे पाहिले. शेवटी पुतण्या दीपक उठला. "आमच्या काकूंच्या नावावर करा. सगळी वस्ती त्यांना मानते."

बॉबिन भरण्यात जन्म गेलेल्या, नवऱ्यामागे दोन मुली उजवलेल्या बाईला गहिवरून आले. एवढ्या लोकांत त्यांचे नाव पहिल्यांदाच पुकारले गेले होते. त्यांनी सही केली.

काही महिने वर्गणी जमली, बिल भरले गेले. मग आखाजी आली, खानदेशातली अक्षय्य तृतीया. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. लूमचा शेठ कितीही ओरडला तरी माणसे गावी जातात आणि महिनाभर परतत नाहीत. सुभद्राबाईंच्या मुलीही अमळनेरला दिराच्या घरी येणार होत्या. पण मागे राहिलेल्या दहा-बारा घरांना पाणी कोण सोडणार? त्या गेल्या नाहीत. मुलींना फोनवर म्हणाल्या, "पुढल्या साली."

लोक परतले, बिल आले, त्या वर्गणीला निघाल्या.

"आम्ही तर गावले व्हतूत," शेजारचा चिंधा म्हणाला. "ज्यांनी पाणी वापरलं त्यांच्याकडून घे."

"आक्का, तू तर प्रमुख," समोरची पार्वती हसली. "तुला सरकार पगार देत असंल!"

दारोदारी तेच. शेवटी त्या दीपककडे गेल्या.

"काकू, मीपण गावालाच होतो ना."

"माझं नाव तूच दिलं होतंस ना रे?"

"नाव दिलं म्हणजे खिसा दिला का?"

पालिकेतला गुजराती बाबू सभ्य होता. त्याने खुर्ची दिली, पाणी दिले. "माँजी, हा आता तुमच्या समितीचा अधिकार आहे."

"मग परत घ्या ना अधिकार."

"परत घ्यायची सोय नाही, माँजी."

नाव काढायचे तर आधी बिल भरा, असे वीज कचेरीने सांगितले. लेकींच्या साड्यांसाठी ठेवलेले पैसे कमी पडले, म्हणून कानातल्या बाळ्या मोडल्या. बिल भरून त्यांनी मीटर बंद करून टाकला. दुसऱ्याच सकाळी गावाला गेलेले सगळे त्यांच्या दारात होते.

"आमच्या लेकराबाळांचं पाणी तोडलं!" पार्वती हंडा आपटत म्हणाली. बोलायचे ते सुभद्राबाई दारोदारी बोलून आल्या होत्या.

त्या आठवड्यात दीपकने नवा मीटर स्वतःच्या नावावर घेतला आणि पैसे आगाऊ लावले, घरामागे दोनशे. "काकूंसारखं फसायचं नाही आपल्याला," तो चौकात म्हणाला. चिंधाने सगळ्यांत आधी पैसे काढले. जुन्या बिलाचा विषय कुणी काढला नाही.

सुभद्राबाईंनी दीडशे दिले. त्यांच्याकडे दीपकचे पन्नास रुपये बाकी आहेत.