पितळेची चकती

माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तरी कुर्ल्याच्या कारखान्यात मी फिटर होतो, आणि माझ्या हातचं काम परत आलं असं कधी झालं नाही. एकदाच आलं. ते सांगतो.

थोरली मुलगी चार वर्षांची असताना तिच्या कपाळावर उजव्या अंगाला, केस सुरू होतात तिथे गाठ दिसली. चिंचोक्याएवढी, हाडासारखी टणक. पोरगी म्हणे, दुखत नाही. आम्ही समजलो, कुठेतरी पडली, टेंगूळ आलंय. आमच्यात टेंगळावर ढब्बू पैसा ठेवून वरून फडकं आवळतात. बायकोने आवळलं. आठवडा गेला, गाठ तशीच.

चूक माझ्या लगेच ध्यानात आली. पैसा सपाट, डोकं गोल. बसणार कसा? मी कारखान्यात पितळेची चकती घेतली, ठोकून ठोकून पोरीच्या कपाळाच्या बाकाची केली, कडेला कानस मारली. चपखल बसली. घाटकोपरच्या आमच्या चाळीत जो तो बघून गेला. पुढे महिनाभर रोज सकाळी मी स्वतः बांधायचो.

"अहो, पोर रडतेय," बायको म्हणाली.

"गाठ बसतेय म्हणून रडतेय."

एक दिवस फडकं सोडलं तर चकतीखालचं कातडं गेलेलं, आत पू. बायको पोरीला कडेवर घेऊन तडक इस्पितळाकडे चालू लागली. मी मागून. पोरीची कवटी उघडणार, एवढंच वाटभर डोक्यात.

डॉक्टरने डोक्याचा फोटो काढवला, उजेडाला धरला. "हाडाचीच वाढ आहे, साधी. मेंदूकडे काही नाही. कापायची गरज नाही."

"मग औषध?"

"जखमेला मलम. गाठीला काही नाही. हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी दाखवा. वाढली, दुखली, तर त्याआधी या."

"काहीच करायचं नाही? यासाठी मी खाडा केला?"

"गाठीने तिला काहीच केलं नव्हतं. ही जखम कशाने झाली?"

मी खिशातून चकती काढून टेबलावर ठेवली. त्याने ती उलटसुलट पाहिली.

"काम सुबक आहे," तो म्हणाला आणि माझ्या हातात परत दिली. "पुन्हा बांधू नका."

मी उठेना. शेवटी तो म्हणाला, "फिटर ना तुम्ही? मग मोजा. महिन्यातून एकदा. दाबायचं नाही, नुसतं मोजायचं."

दर महिन्याला कॅलिपर घरी आणला. लोखंड गार लागतं, म्हणून आधी तळहातात ऊन करून घ्यायचो. माप दाराच्या चौकटीवर खिळ्याने कोरायचो. सहा महिन्यांत सहा रेघा, सगळ्या सारख्या. मग इस्पितळात डॉक्टरने गाठीला मोजपट्टी लावली आणि म्हणाला, वाढलेली नाही. हे मी त्याला दारातच सांगितलं होतं.

ती गाठ आजही तेवढीच आहे. भोवती चकतीएवढा डाग आहे, तिथे केस आले नाहीत. कोणी विचारलं तर मुलगी सांगते, "गाठ देवाची, डाग बाबांचा."

मी तिथेच बसलेला असतो. "गोल बघा," म्हणतो. "कुठे बिघडलाय का?"

सगळे गेले की ती केस मागे सारून माझ्यासमोर बसते. "मोजा," म्हणते. हल्ली माझा हात थरथरतो, म्हणून कॅलिपर तीच धरते. मी नुसता ऊन करून देतो.