उपासाचे साहेब

“काकी, हा ट्रे घ्या आणि फिरवा. पुढच्या रांगेपासून.”

साहेब एवढंच म्हणाले. कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत बोंडूच्या रसाच्या कारखान्याचं उद्घाटन होतं. मला वाटलं होतं, स्टेजवर बोलावतील. म्हणून नवी साडी नेसून पहिल्या एसटीने आले होते. एकटीच.

आमच्याकडे काजूची बी विकली जाते आणि बोंडू, म्हणजे वरचं रसाळ फळ, झाडाखाली कुजतो, कारण त्याचा रस घसा धरतो. त्यात शिळ्या भाताची पेज घातली की तुरटपणा खाली बसतो, हे मी शोधलं. गरम पेज घालून आधी दोन हंगाम नासवले. संशोधन करणारे हे साहेब घरी आले, तेव्हा मी सगळं भडाभडा सांगून टाकलं. खुळीच मी.

साहेब तीनदा आले. दर वेळी मी पेला पुढे केला, दर वेळी त्यांना उपास. रस बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला आणि वरच्या वाडीत जाऊन घावणे खाल्ले. आमच्या जातीला असला उपास समजावून सांगावा लागत नाही. तरी मी चालवून घेतलं. माझं नाव लागेल असं ते म्हणाले होते.

स्टेजवर साहेब सांगत होते, संशोधन बाजारात आलं की जिल्हा वर येतो. खोटं नव्हतं. आमच्याच वाडीतल्या मुली तिथे टोप्या घालून कामाला लागल्या होत्या. पण बाटलीवर शोध साहेबांच्या नावावर होता. आणि तोच रस ते घटाघट पीत होते.

शुद्ध बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून मालवणीच आली.

“सायबानू, माझ्या घरात ह्योच रस तुमी कित्याक नाय घेतलास? आज उपास नाय?”

ट्रे टेबलावर ठेवला. आमच्या मुलींकडे बघितलं. त्यांनी माना खाली घातल्या. नोकरी होती त्यांची, पण मला फार लागलं. परतीच्या एसटीत शेजारची सीट रिकामी होती. रडले.

आता साहेबांचा माणूस माझ्याकडे विचारायला येतो. कारखान्यातला रस लवकर आंबतो. त्यावरचा उपाय मला सापडलाय.

“सायबाक घेवन ये,” मी त्याला सांगितलं. “माझ्या पडवीत बसान रस पियूदेत. बाटलीवर माझा नाव घालूदेत. मगे बोलतंय.”

साहेब आलेले नाहीत. मुलींचं काम जाईल म्हणून वाडीतलंही कोणी माझ्याकडे फिरकत नाही. न फिरकू दे. नाव लागल्याशिवाय मी एक शब्द सांगणार नाही.